कॅम्पर सव्वादोन वर्षं शेडमध्ये उभी, टाकीतलं जुनं डिझेल चालेल का?

जावळीकर:
नमस्कार मंडळी. आमची १३ सीटर ट्रॅव्हलर आहे, वडिलांनी हौसेनं तिच्यात बेड, ओटा, सिंक सगळं करून घेतलेलं. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि २०२३ च्या दिवाळीपासून गाडी मेढ्याच्या शेडमध्ये उभीच. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, असे दोन पावसाळे गेले. टाकीत अंदाजे २० लिटर डिझेल आहे, इंजिन कॉमन रेल, म्हणजे पंप खूप दाबानं डिझेल इंजेक्टरमधनं फवारतो तसलं. मागं पेट्रोलवरचा छोटा जनरेटर, त्यातही तेव्हाचंच पेट्रोल. आता अण्णा बरे झालेत आणि आईला घेऊन गणपतीपुळ्याला जायचं म्हणतायत. इथला मेकॅनिक म्हणतो वरनं ३० लिटर नवीन टाका आणि सेल्फ मारा, जुनं जळून जाईल. बॅटरी नवीन आणलीय पण चावी फिरवायची हिंमत होत नाहीये. काय करू?

नोझलवाला_मिरज:
दादा चावी फिरवली नाहीत ते लई बरं केलंत. मी १८ वर्षं पंप-नोझलचं काम करतोय, अशाच गाड्या टोचन करून येतात आमच्याकडं. टाकी अर्धीमुर्धी रिकामी असली की आत हवा राहते, रात्री पत्रा गार पडला की आतनं घाम धरतो, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून ओघळून तळाला जाऊन बसतं. मग जिथं पाणी आणि डिझेल टेकतात तिथं जंतू वाढतात, काळपट बुळबुळीत, शेवाळासारखं. तुम्ही वरनं ३० लिटर ओतलं की तो गाळ ढवळून निघणार आणि फिल्टर चोक होणार, आणि पाणी पुढं गेलं तर हाय प्रेशर पंप न् इंजेक्टर दोन्हीला गंज. कॉमन रेलला पाणी अजिबात सोसत नाही.

आधी टाकीखालचा ड्रेन नट ढिला करून पहिलं लिटरभर काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी काय ते दिसेल.

वाळव्याचा_ट्रॅक्टर:
आमच्याकडं जुन्या डिझेलात थोडं रॉकेल मारतात, ट्रॅक्टर चालतोय की. एवढं घाबरायचं काय त्यात

नोझलवाला_मिरज:
भाऊ जुन्या ट्रॅक्टरचा पंप सोसत असेल, ह्याला नका सांगू. ह्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेल कोरडं पडतं, आत घासून बारीक चुरा सुटतो आणि तो चुरा पार इंजेक्टरपर्यंत जातो. मग खर्च कितीला जातो ते विचारू नका. आणि रॉकेलनं पाणी कुठं जातंय, ते तळाला तसंच राहतं ना.

कासची_वाट:
जनरेटरचं मी सांगते कारण माझा असाच बंद पडला होता. पेट्रोल डिझेलपेक्षा लवकर खराब होतं, हलका भाग उडून जातो आणि उरलेलं चिकट होतं. त्यात हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतात. झाकण उघडून वास घ्या, वार्निशसारखा आंबूस आला तर त्यात नवीन मिसळू नका, सगळंच काढा. कार्बोरेटरचा बाऊल (खालची पेट्रोलची वाटी) सोडवून जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाचा तुकडा, उजेडाकडं धरून बघा, भोकातनं उजेड दिसायला पाहिजे. माझ्या जेटमधनं दिसतच नव्हता, कार्बोरेटर क्लीनर मारून बारीक तांब्याची तार फिरवली तेव्हा मोकळा झाला. आणि प्लीज तोंडानं पाइप ओढू नका, हातपंपाची नळी घ्या. काम उघड्यावर करा, बॅटरीची वायर काढून.

जावळीकर:
अपडेट देतोय. बरणीत सकाळी तळाला दोन बोटं पाणी, त्याच्यावर चहाच्या सायीसारखा पण काळा थर, त्याच्यावर डिझेल. अण्णा बरणी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होते. सगळी टाकी रिकामी केली, टाकी खाली उतरवून आतनं धुवून वाळवली, फिल्टरच्या खालच्या वाटीतनं पण पाणी निघालं. नवीन फिल्टर बसवला, १५ लिटर ताजं डिझेल टाकलं, हातपंप घट्ट होईपर्यंत मारून एअर काढली. तिसऱ्या सेल्फला चालू झाली, थोडा पांढरा धूर, मग साफ. काढलेलं डिझेल गटारात वगैरे नाही ओतलं, वरचं नितळ गॅरेजवाल्यानं पार्ट धुवायला नेलं, खालचा गाळ कॅनमध्ये बंद करून त्याच्याकडंच दिलाय, जळक्या ऑइलबरोबर जाईल म्हणाला. जनरेटरचा जेट ताई म्हणाल्या तस्साच बुजलेला होता.

आता पावसाळ्यात परत उभी करायचीय, तेव्हा काय करू?

नोझलवाला_मिरज:
टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवाच नाही तर घाम कुठनं धरणार. स्टॅबिलायझर (डिझेल लवकर खराब होऊ नये म्हणून टाकायचं औषध) टाकायचं तर ताज्या डिझेलातच, जुनं त्यानं सुधरत नाही, आणि टाकल्यावर १० मिनिटं इंजिन चालू ठेवा म्हणजे लाइनीत पण पोचेल. चालू करण्याआधी दरवेळी फिल्टरची वाटी सोडून पाणी बघा.

कासची_वाट:
जनरेटरचा पेट्रोल कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे बाऊल कोरडा राहील, आणि टाकीतलं काढून घ्या. अण्णांना सांगा आंबा घाटातनं सकाळी लवकर उतरा, उन्हाच्या आत.

जावळीकर:
सांगितलं. शनिवारी पहाटे निघतोय.