एका टॉवरवर दोन रिपीटर: गरज की नुसता खर्च?

कोरडवाहू (लातूर)
एका साखर कारखान्याचा वॉकीटॉकीचा कारभार बघतो. यार्ड, गव्हाण (ऊस गाळपाला नेणारा पट्टा), बॉयलर, शिवारातले चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारे), सगळे एकाच व्हीएचएफ रिपीटरवर, म्हणजे सेटचा आवाज झेलून जोरात पुढं फेकणाऱ्या यंत्रावर. हंगामाआधी दुसरा रिपीटर घ्यायचं घाटतंय: पहिला बंद पडला की दुसऱ्यानं आपोआप उचलायचं, म्हणजे हॉट स्टँडबाय. माझा विरोध आहे. दोन्ही एकाच रॅकमध्ये, एकाच बॅटरी बँकेवर, एकाच ड्युप्लेक्सरमधून (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर), एकाच केबलनं एकाच अँटेनाला. वीज पडली तर दोघंही जायचे. त्यापेक्षा तेच पैसे अर्थिंगला आणि बॅटऱ्यांना घाला. मार्चमध्ये गारपीट, विजा येतात तोवर आपली काळी माती भेगाळलेली असते. त्या दिवसांत अर्थिंगचा रेझिस्टन्स कुणी मोजलाय का?

टॉवरचढ (नांदेड)
अर्थिंगला नाही कोण म्हणतंय? पण रिपीटर काय फक्त विजेनंच मरतो? हंगामात रात्रंदिवस बडबड, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर तापतो, पंख्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा बसतो. हे दुखणं चालू असलेल्याचं. स्टँडबाय गार बसलेला असतो. एक रिपीटर ९९ टक्के वेळ चालतो धरा, म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. दोन लावले की ९९.९९ टक्के, तासाभराच्या आत.

कोरडवाहू
दोघं वेगवेगळ्या कारणानं मरणार असतील तरच हे गणित खरं. बॅटरी बसली की तुमचे ते चार नऊ कुठं राहतात?

मांजराकाठ (धाराशिव)
दोघंबी कागदावर भांडायलाव. मी बघितलेलं सांगतो. एका ठिकाणी स्टँडबायचा हिरवा दिवा वर्षभर मस्त जळत होता. मधी कधीतरी टोन (सेट आणि रिपीटर दोघांत सारखाच लागतो तो खुणेचा सूर) बदलला, तो फक्त चालू रिपीटरात भरला. पहिला बसला, दुसऱ्यानं इमानदारीत उचललं, आणि सगळे सेट मुके. महिन्यातून एकदा भर पाळीत चालू रिपीटर मुद्दाम बंद करा. ती हिंमत नसंल तर दुसरा घेऊच नका.

आबा औसेकर
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅमवाल्यांनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, आपापले सेट लावून निरोप पोचवले. बॅटरी, तार, माणूस, एवढ्यावर. तुमच्या सेटवरही टॉक-अराउंड असतं, रिपीटरशिवाय सेट-टू-सेट बोलता येतं. चिटबॉयला ते बटण कुणी दाखवलंय का?

टॉवरचढ
आबा, यार्डात ठीक आहे. पंधरा किलोमीटरवरच्या फडातून हातातल्या सेटवर काय ऐकू येणार? तिथल्या टोळीला गाड्या थांबवा म्हणून सांगायचं कसं?

कोरडवाहू
हे मान्य, शिवारासाठी रिपीटर हवाच. मग दुसरा घ्या, पण त्या रॅकमध्ये नको. शेतकी ऑफिसच्या गच्चीवर, स्वतःची बॅटरी, स्वतःची अँटेना. रेंज थोडी कमी मिळेल, चालेल. आणि आपोआप बदलणारं पॅनल नकोच. पाळीवरच्या माणसानं हातानं चालू करायचा. ते पॅनल बिघडलं तर त्याला स्टँडबाय कुठून आणू?

टॉवरचढ
रात्री दोनला पाळीवरचा माणूस गच्चीची किल्ली शोधत बसेल, ते बघा. शिवाय दुसरा ड्युप्लेक्सर लागेल, तो तुमच्याच फ्रिक्वेन्सीला आत्ताच ट्यून करून घ्या. हंगामात अ‍ॅनालायझरवाला ट्यूनिंगचं यंत्र घेऊन संभाजीनगरहून यायचा म्हणजे तोवर गव्हाण मोकळीच फिरायची.