विंडोजवर पायथनमधून युनिक्सचा सॉर्ट चालवण्यासाठी मदत हवी आहे

विंडोज १० असलेल्या कार्यालयीन संगणकावर मी एमएसवायएस२ (विंडोजवर युनिक्सची साधने पुरवणारा संच) मधील बॅश हे शेल, म्हणजे आदेश चालवणारा प्रोग्राम, वापरतो. बॅश स्क्रिप्टमधून विंडोजसाठीचे मूळ पायथन चालते आणि ते फाइलींतील दुबार ओळी काढण्यासाठी सबप्रोसेस या इतर प्रोग्राम चालवणाऱ्या मॉड्यूलमार्फत ‘सॉर्ट -यू’ हा आदेश देते. हाच आदेश बॅशमध्ये थेट दिल्यास बिनचूक चालतो. पायथनमधून दिल्यास मात्र सिस्टम३२ मधील विंडोजचा सॉर्ट सुरू होतो आणि ‘-यू’ हेच फाइलचे नाव समजून फाइल सापडत नाही अशी तक्रार करतो.

पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) एमएसवायएस२ चा बिन फोल्डर सर्वांत आधी ठेवून पाहिला, पण फरक पडला नाही. माझ्या वाचनानुसार विंडोज नवी प्रक्रिया सुरू करताना पाथच्या आधी सिस्टम फोल्डर तपासते, त्यामुळे हे अपेक्षितच असावे. सॉर्ट.एक्सईचा पूर्ण पत्ता दिल्यास काम होते. परंतु सहकाऱ्यांच्या संगणकांवर एमएसवायएस२ वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने तो स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहिता येत नाही. शेल=ट्रू (आदेश शेलमार्फत चालवण्याचा सबप्रोसेसचा पर्याय) टाळायचे आहे, कारण फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा आणि ‘&’ चिन्ह असते.

प्रशासकीय अधिकार नसल्याने डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) सुचवू नये. फाइली मेमरीत मावणाऱ्या नाहीत, म्हणून पायथनचा स्वतःचा सॉर्टही उपयोगाचा नाही. जीएनयू सॉर्ट (एमएसवायएस२ मधला युनिक्सचा सॉर्ट) तात्पुरत्या फाइली करून हे काम निभावतो.

अशा स्थितीत शटिल.व्हिच या पायथनच्या फंक्शनने पाथमधून पत्ता शोधून तो सबप्रोसेसला देणे सर्व संगणकांवर खात्रीचे ठरेल, की बॅशमध्येच सिगपाथ या पत्ते बदलून देणाऱ्या साधनाने विंडोजच्या स्वरूपातील पत्ता काढून पायथनला एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून पुरवणे अधिक योग्य होईल?