मदत हवी आहे: एलईडी इंडिकेटर बसवल्यावर चारही दिवे लुकलुकतात

गाडी रेट्रो धाटणीची, ३५० सीसी, एमएच ११ (सातारा). मूळचे १० वॅटचे बल्बवाले इंडिकेटर काढून बुलेट आकाराचे छोटे एलईडी बसवलेत. आधी ते भराभर फडफडत होते, कारण लोड कमी पडला की जुना फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा रिले) बल्ब उडाल्यासारखा वागतो. लोड वाढवणारा रेझिस्टर तापतो म्हणून टाळला आणि दोन पिनांचा एलईडी फ्लॅशर टाकला. वेग जागेवर आला. आता डावा लावला की उजवे दोन्हीही मंद लुकलुकतात. रात्री यवतेश्वर घाटात मागच्याला काय कळणार!

मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा आहे, त्याच्या दोन वायरी डाव्या-उजव्या लाइनला जोडलेल्या. करंट त्यातूनच पलीकडे जातो. जुने बल्ब एवढ्याशा करंटला पेटत नसत, एलईडी पेटतात. तो दिवा काढला की सगळं ठीक चालतं.

उपाय म्हणून दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतात) लावायचा विचार आहे: दोन्ही लाइनींमधून एकेक, डायोडवर पट्टी असलेली टोकं एकत्र करून मीटरच्या दिव्याला, दिव्याची दुसरी वायर अर्थला. हे जोड हेडलाइटच्या वाटीत करावेत की मीटरखाली? वाटीत पावसाचं पाणी उतरतं, नुसत्या टेपचा भरवसा नाही. हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) पुरेल का?

आणखी एक. टाकीवर ब्रशने सोनेरी रेघा मारणारा कुणी पोवई नाक्याच्या आसपास आहे का? स्टिकर नकोत, पेट्रोल सांडलं की कडा सुटतात. टाकीचा मूळ रंग तोच राहणार, त्यामुळे आरसीचा प्रश्न नाही.