मदत हवी आहे: व्हेंडिंग मशिनला कार्ड रीडर बसवायचा आहे (सातपूर-अंबड)

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या काही कंपन्यांमध्ये माझी बिस्किटं आणि थंड पेयांची व्हेंडिंग मशिन्स आहेत. सध्या नाणी-नोटा आणि बाहेर चिकटवलेला क्यूआर चालतो. पण काही कंपन्यांत मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो आणि सुट्टे पैसे आता कुणी खिशात ठेवत नाही. रात्रपाळीच्या माणसाला भूक लागली तर समोर माल असून घेता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून टॅप करून चालणारा कार्ड रीडर बसवायचा आहे. ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे वीस रुपयांच्या पुड्याला ते सोयीचं.

अडचण अशी की नव्या मशिन्सना एमडीबी पोर्ट (पैसे घेणारी उपकरणं मशिनला जोडायची ठराविक जागा) आहे, तिथे रीडर थेट जोडता येतो. जुन्या मशिन्स फक्त पल्सवर (पैसे पडले की मशिनला जाणारा विजेचा छोटा इशारा) चालतात. त्यांना मधे कन्व्हर्टर बोर्ड लावून कुणी चालवलंय का? टिकतो का?

दुसरं, पैसे कापले गेले आणि पुडा स्प्रिंगमध्ये अडकला तर रक्कम आपोआप परत जाते का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कामगाराचे वीस रुपयेही अडकायला नकोत.

यूपीआय आणि रुपे डेबिटवर एमडीआर (दर व्यवहारामागे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क) नाही, बाकी कार्डांवर आहे. त्यात रीडरचं मासिक भाडं धरून परवडतं का? नाशिकमध्येच दुरुस्ती करून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा.