मेळघाटात आईबाबांना घेऊन: काय बघावं, काय गाळावं?

निवांत_पुणेकर:
नाताळच्या सुट्टीत मेळघाटला जायचं म्हणतोय. सोबत आईबाबा (दोघंही सत्तरीला टेकलेत, आईचे गुडघे दुखतात), बायको आणि आठ वर्षांची लेक. रेल्वेचं तिकीट सोडून बजेट २५ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. वाघ दिसलाच पाहिजे असं काही नाही. जंगल, एखादा किल्ला, थोडी शांतता, बस. चिखलदरा, सेमाडोह, कोलकास, नरनाळा किल्ला ही नावं काढून ठेवलीत. यातलं काय ठेवू, काय गाळू?

ताडोबाप्रेमी:
मेळघाट राहू द्या, ताडोबाला जा. आम्ही मोहर्लीला उतरलो होतो. रिसॉर्ट रात्रीला १४ हजार, पण पैसा वसूल. वाघीण आणि तिचे बछडे जिप्सीच्या पुढ्यातून गेले. हात लांब केला असता तर शेपूट लागली असती.

पायपीट:
त्यांना वाघ नकोय आणि बजेट २५ हजार आहे. धागा वाचलात का?

ताडोबाप्रेमी:
वाचला. विदर्भात जाऊन वाघ न बघता परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसती चंद्रभागा बघून येणं.

वऱ्हाडी_ठेचा:
काय राजेहो, जो उठला तो ताडोबा! देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला आमचा मेळघाट हाय. इथल्या वाघाले फोटो काढून घ्याची हौस नाही. डोंगर हायेत, दऱ्या हायेत, लपाले जागा हाय. निवांत भाऊ, तुम्ही परतवाड्याहून सेमाडोहले जा. घाट वळणाचा हाय, पोरीले उलटीची गोळी आधीच द्या. सेमाडोहले वनविभागाचं पर्यटन संकुल हाय. कोलकासचं विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर हाय. कोलकास भेटलं तं बाकी काही पाहू नका, ओसरीत बसून राहा. नाताळाचं बुकिंग मात्र आजच पाहा.

बिनधास्त_काकू:
चिखलदऱ्याला आम्ही ऐन सुट्टीत गेलो होतो. हॉटेलवाल्याने 'दरीचा देखावा' म्हणून खोली दिली आणि खिडकी उघडली तर समोर पाण्याची टाकी! वर गरम पाणी सकाळी सहा ते सात, त्यानंतर गेलात तर अंघोळीची गोळी घ्या. जेवणाचं न बोललेलं बरं. रबडी तेवढी खाल्ली, ती मात्र झकास. भीमकुंडाचा धबधबा डिसेंबरात अगदी करंगळीएवढा उरतो, त्याच्यासाठी जाऊ नका. तो पावसाळ्यातच बघायचा.

इतिहासाचा_किडा:
चिखलदऱ्याला गेलात तर गाविलगड किल्ला चुकवू नका. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने मराठ्यांकडून घेतला. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच.

पायपीट:
वेलस्ली दक्षिणेकडून नुसता हूल देत होता. मुख्य मारा झाला उत्तरेकडून, आणि डोंगरातून तोफा ओढत आणल्या त्या स्टीव्हन्सनच्या फौजेने. श्रेय नेहमीप्रमाणे साहेबाला.

इतिहासाचा_किडा:
मोहीम वेलस्लीचीच होती ना? स्टीव्हन्सन त्याच्याच हाताखाली होता.

बिनधास्त_काकू:
अहो, त्या आईंचे गुडघे दुखतायत. गाविलगडात आत रणरण चालायला लागतं, त्याचं बोला.

रूळ_सोडून:
जुनी अकोला-खंडवा मीटर गेज रेल्वे असती तर हा प्रश्नच आला नसता. खिडकीत बसून जंगल बघायचं. धूळघाटाला रूळ वेटोळं घालून स्वतःलाच ओलांडायचे. बंद करून टाकली.

पाखरवेडी:
ती गाडी अभयारण्यातून जायची आणि जनावरं रुळावर मरायची, हेही सांगा की. नवा मार्ग जंगलाबाहेरून नेणं योग्यच आहे.
निवांत, लेकीला दुर्बीण घेऊन द्या. मेळघाटात रानपिंगळा आहे, छोटंसं घुबड. १८८४ नंतर शंभरावर वर्षं तो कुणाला दिसला नव्हता, नामशेषच झाला म्हणत होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. दिवसाही फिरतो, विरळ सागवानात उंच फांदीवर उन्हात बसलेला असतो. एखादा इथला कोरकू आदिवासी वाटाड्या सोबत घ्या, जिप्सीच्या दोन फेऱ्यांपेक्षा तो जास्त दाखवेल.

भटकी_सुमी:
+१ कोलकास. आणि मुक्तागिरी! परतवाड्याहून जवळच, पण हद्द मध्य प्रदेशची, बैतूल जिल्हा. डोंगरात ५२ जैन मंदिरं. पायऱ्या पुष्कळ आहेत, आमच्या सासूबाई मात्र टणाटण चढल्या.

बिनधास्त_काकू:
गुडघे!!

ताडोबाप्रेमी:
ताडोबात जिप्सीतून उतरायचंच नसतं. गुडघ्यांचा प्रश्न मिटला. सांगत होतो.

निवांत_पुणेकर:
मंडळी, आभार. चिखलदरा तर गाळलंच, सेमाडोह-कोलकासही या खेपेला गाळतोय. बाबांची पहिली नोकरी अकोटला होती. नरनाळ्याला जायचं म्हणत राहिले आणि तेवढ्यात बदली झाली. धागा त्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, 'तुम्ही कुठेही जा, मला नरनाळ्याला सोडा.' तेव्हा अकोल्याला उतरायचं, अकोटला मुक्काम, तिथून शहानूर आणि नरनाळा. बजेटातही बसतंय.

वऱ्हाडी_ठेचा:
अकोटले मुक्काम? जंगलात येऊन बाजारपेठेत झोपता? काहून बाप्पा?

पायपीट:
बाबांची निवड उत्तम. शहानूरला वनविभागाच्या फाटकावर नोंदणी करावी लागते. रस्ता वर किल्ल्यात जातो, त्यामुळे आईंना चढायचं काही नाही. महाकाली दरवाजा निवांत बघा. कमळं कोरलीत, अरबी-फारसी शिलालेख आहे, आणि बाजूला सज्जे काढलेत ते भल्या भल्या गडांवर नाहीत. नौगजी तोफेपर्यंत चालावं लागतं, तोवर आईंनी शक्कर तलावापाशी बसावं. किल्ल्यावर खायला काही मिळत नाही, डबा अकोटहून न्या आणि कचरा परत आणा. अंधार पडायच्या आत खाली उतरायचं.

इतिहासाचा_किडा:
शिलालेख बहमनी काळातला आहे. फोटो टाका, सविस्तर लिहितो.

ताडोबाप्रेमी:
वाघ दिसला तर त्याचाही टाका. नाही दिसला तर मोहर्लीच्या रिसॉर्टचा नंबर तुमच्या विचारपुशीत देतो.