नॅनो-लोखंडानं नायट्रेट जातं, पण त्याचं होतं काय?
"नॅनो-लोखंडाची (म्हणजे लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांची) पूड टाकली की विहिरीतलं नायट्रेट (नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग) गायब" असा एक दावा आहे, तो अर्धाच खरा आहे. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन देतं आणि नायट्रेटचं क्षपण होतं, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेऊन रूप बदलतं, इथवर ठीक. पण त्यातून निरुपद्रवी नायट्रोजन वायू थोडाच निघतो, बहुतेकाचा अमोनिया होतो. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात! लोखंडाला पॅलेडियम या धातूची आणि तांब्याची जोड दिली तर वायूचं प्रमाण वाढतं, पण पॅलेडियमचा भाव बघा जरा. शिवाय हे लोखंडाचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून मंदावतात. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यावर गेलं असेल तर घरी सध्या आरओच बरा. आणि हो, पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं.