स्टार बॉडी : भूमितीची बाजू

चित्रपट-अभ्यासातील ‘स्टार बॉडी’ (म्हणजे सिनेकलाकाराचे पडद्यावरचे शरीर आणि प्रतिमा) आणि गणितातील त्याच नावाची आकृती यांचा संबंध नावापुरताच आहे, हे मत मान्य आहे. मात्र असे म्हणताना गणितातील कल्पना ‘टोकदार चांदणी’ एवढ्यावर सोडणे पटत नाही. एका ठरावीक बिंदूपासून आकृतीतील प्रत्येक बिंदूपर्यंतचा सरळ रेषाखंड आकृतीतच राहावा, ही तिची मूळ अट आहे, त्यामुळे साधा गोलही तिच्यात बसतो. ठाण्यात वर्गावर शिकवताना मी मासुंदा तलावाचे उदाहरण देतो : मधल्या बेटामुळे पाण्यातील कोणत्याही जागेवरून सगळे पाणी दिसत नाही, म्हणून तलावाचा पृष्ठभाग या अटीत बसत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की, १९५६ साली बुझमन आणि पेटी या गणितज्ञांनी विचारले होते : केंद्रसममित (केंद्राच्या समोरासमोरच्या बाजूंना सारख्या) अशा दोन बहिर्वक्र (कुठेही आत न दबलेल्या) घनाकृतींपैकी एकीचा केंद्रातून जाणारा प्रत्येक छेद दुसरीच्या तशाच छेदापेक्षा लहान असेल, तर तिचे घनफळही लहानच असेल का? चार मितींपर्यंत उत्तर होकारार्थी आहे, पाचपासून पुढे (अंतर्ज्ञानाला न जुमानता) नकारार्थी. आणि ही उकल ज्या छेदजन्य आकृत्यांच्या आधारे झाली, त्या गणितज्ञ लुटवाक यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या आकृत्या (ज्यांची प्रत्येक दिशेतील लांबी दुसऱ्या आकृतीच्या त्या दिशेला लंब असलेल्या छेदाच्या आकारमानाइतकी असते) स्टार बॉडीच आहेत.